वहिनीच्या हाताला झेपेल अशी

खानदेशातलं पाणी वर्षभर एका जागी राहत नाही. भाद्रपदात अंजनी धरणाच्या भिंतीला टेकलेलं पाणी चैत्रापर्यंत इतकं आत सरकतं, की जिथे जाळं सोडलं होतं तिथे शेळ्या चरताना दिसतात. काठ रोज थोडा लांब जातो आणि मधे उरतो तो भेगाळलेला गाळ. एखाद्या वर्षी पाऊस फिरकतच नाही. मग गिरणेचं आवर्तन कधी सुटतं याकडे डोळे. तिकडे नांदगाव तालुक्यातलं गिरणा धरण 1969 साली पुरं झालं, पण तेही काही दरसाल भरत नाही. अशा पाण्यावर ज्यांची चूल पेटते त्यांनी नाव घ्यायची, तर ती भरल्या पाण्यावर कशी चालते एवढंच पाहून भागत नाही. पाणी आटल्यावर ती ओढायची कोणी, हे आधी ठरवावं लागतं.

आम्ही एरंडोलचे भोई. बाबांनी आयुष्यभर नावेशिवाय मासे धरले. ट्रकची ट्यूब, तिच्या पोकळीवर आवळून विणलेली दोरी, त्यावर मांडी घालून बसायचं आणि दोन्ही हातांनी पाणी मागे सारत जायचं. हाताला पत्र्याचे दोन तुकडे बांधले की वल्ह्याचं काम भागतं. कंबरेखालचं अंग पौषातसुद्धा ओलं. बाबांचे गुडघे पन्नाशीतच धरले आणि जाळं दादाच्या हाती आलं. दादाबरोबर वहिनीही पाण्यावर जायला लागली. धरणावर असं बऱ्याच घरांत असतं. बाई वल्हवते, गडी जाळं सोडतो. पहाटे जाळं उचलताना मासा काढायचा तर चार हात लागतातच. रोहूचा खवला नि कल्ला फाशात अडकला की एकट्याने सोडवता सोडवता धागा तुटतो. पण मच्छीमार संस्थेच्या वहीत नाव दादाचं एकट्याचं. वहिनीच्या तळहातावरचे घट्टे कुठल्या वहीत येत नाहीत, ही गोष्ट मला फार लागते.

ट्यूबवर दोघं बसत नाहीत, म्हणून नाव. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिलांना 60 टक्के अनुदान ठेवलेलं, तेव्हा वहिनीच्या नावाने अर्ज करावा असं मी सुचवलं होतं. अजूनही माझं तेच म्हणणं आहे. पण अनुदान सोडून उरलेली रक्कमही पदरची लागते, आणि हंगाम तोंडावर आलेला. म्हणून ठरलं, यंदा जुनी पाहू.

जुन्या नावेचं पाहणं मुलगी पाहण्याइतकंच गाजतं. ज्याला त्याला मत असतं. गिरणाकाठच्या एकाची लाकडी नाव आधी पाहिली. सागाची, डांबर चोपडलेली, देखणी. पाण्यावर ठेवली तर जागची हलत नव्हती, इतकी भारदस्त. पण लाकूड वर्षानुवर्षं पाणी पीत जातं आणि जड होत जातं. ती काठावर घ्यायला चार गडी लागले. आमच्या घरात गडी एक. मग एक पत्र्याची पाहिली. स्वस्त होती, हलकी होती, पण जोडावर गंज चढला होता आणि नखाने खरवडला की पापुद्रा निघत होता. शिवाय साध्या पत्र्याच्या नावेत पाणी भरलं की ती सरळ तळ गाठते; तिला तरंगत ठेवणारं आत काही नसतं. पोरं घेऊन त्यात बसायचं या विचारानेच माझ्या पोटात गोळा आला.

शेवटी हतनूरकडचा निरोप आला. 41 दरवाजांचं हे धरण तापीवर 1982 सालचं. चांगदेवाजवळ पूर्णा तापीला मिळते, तिथे त्याचं पाणी पसरलेलं असतं. नद्यांनी आणलेल्या गाळाने ते उथळ होत चाललंय आणि उथळ पाण्याला सपाट तळाच्या नावा लागतात. एका म्हाताऱ्या बाबांची फायबरची नाव विकायची होती. मुलं सुरतेला गेली, मागे वल्हवायला कोणी उरलं नाही. आमच्या भागातल्या किती वस्तू अशा सुरतेपायी विकायला निघाल्या असतील!

माय, दादा, वहिनी, दोन्ही पोरं आणि मी, सगळेच गेलो. दादाला हे पटलं नव्हतं. नाव बघायला एवढा लवाजमा कशाला, असं त्याचं म्हणणं. मला मात्र वाटत होतं, जे जे तिच्यात बसणार त्या सगळ्यांनी तिला पाहायला हवं.

नाव काठावर पालथी होती. दादाने गुडघे टेकले आणि बोटांच्या पेरांनी तळ वाजवत एका टोकाकडून दुसरीकडे सरकत गेला. टक, टक, टक. मधेच एका जागी आवाज बसला. तिथे त्याने अंगठा दाबला, फायबर जरासं आत गेलं. आतला थर सुटला होता. म्हाताऱ्या बाबांनी न लपवता सांगितलं, पाण्याखालच्या वेड्या बाभळीचा खुंट लागला होता, वरून ठिगळ लावलं आहे. मग नाव सुलटी केली. दोन्ही टोकांना बसायच्या फळ्यांखाली बंद पेट्या होत्या. नाव भरली तरी बुडू न देणारी हवा त्यांत कोंडलेली असते. आम्ही एकेक टोक उचलून हलवलं आणि कान लावला. आत पाणी शिरलं असतं तर खळखळ ऐकू आली असती. एक पेटी गप्प होती, दुसरीत थोडंसं हिंदकळलं. म्हणजे तीही उघडून, वाळवून, पुन्हा बंद करावी लागणार. दादाने दोन्ही दुखणी बोटांवर मोजली. भाव करताना ती कामी आली.

मग पाण्यात. माय आधी बसली. तिने इकडेतिकडे बघून एवढंच विचारलं, "मन्हा पाय ठेवाले जागा शे का?" तिचा पाय दुमडत नाही. पोरांना मुद्दाम एका बाजूला उभं केलं. नाव कलली, पण काठ पाण्यापासून चांगला वीतभर वर राहिला. दादा उभा राहून जाळं ओढल्यासारखं वाकला, तेव्हाही ती सावरली. तो खूश झाला. सगळे मावतो, म्हणाला.

मावणं वेगळं आणि चालवणं वेगळं. आपल्याच खानदेशात, धडगाव तालुक्यात भुशाजवळ, 2019 च्या संक्रांतीला नर्मदेत बोट उलटली. माणसं पूजेला निघाली होती, बोटीत गर्दी होती आणि बुडालेल्यांत लेकरं होती. उजनीत 21 मे 2024 ला कुगाव-कळाशीच्या मधे वादळी वाऱ्याने बोट उलटवली, सहा जण गेले. वैशाखातला दुपारनंतरचा वारा आमच्या धरणावरही तसाच सुटतो, न सांगता. उघड्या पाण्यावर त्याला अडवायला झाड नाही, डोंगर नाही. नाव घेताना जे पैसे मोजायचे त्यांतच लाइफ जॅकेटांचे धरले पाहिजेत, पोरांच्या मापाच्या जॅकेटांचे तर आधी. यावर मी अडून बसलो आणि दादाने ऐकलं.

वहिनी इतका वेळ बोलली नव्हती. तिने पदर खोचला, एकटी नावेत चढली, वल्हं घेतलं आणि वाऱ्याच्या तोंडाला गेली. परत येऊन उतरली, दोरी खांद्यावर घेतली आणि नाव गाळावरून ओढायला लागली. पाय घोट्यापर्यंत रुतत होते. दादा मदतीला धावला, तिने हातानेच थांबवलं. नाव सरकली, थांबली, परत सरकली आणि कोरड्यावर आली. धाप लागलेली असतानाच ती दादाला म्हणाली, "तुमी गावले गयात ते माले एकटीलेच वढनी पडी. म्हनीसन दखं." त्यावर कोणी काही बोललं नाही. माझ्या लेखी सौदा तेव्हाच ठरला. घरातले सगळ्यांत कमी जोराचे हात जी नाव काठावर आणू शकतात, ती घरची नाव.

भाव थोडा ताणला गेला, ठिगळ आणि पेटी यांच्यापोटी काही हजार उतरले, आणि म्हाताऱ्या बाबांनी वल्ही व जुना नांगर वरून दिला. पिकअपवर नाव आडवी बांधून आम्ही जळगावमार्गे महामार्गाने निघालो. पाळधीला चहाला थांबलो, तर लोक जवळ येऊन विचारत होते, ही कुठे चालली. एरंडोलला, म्हटलं की हसत होते. पोरांना त्याचा राग आला.

घरी आल्यावर फायबरवाल्याने तळाचा सुटलेला थर कापून काढला, नवा कापडी थर आणि राळ चढवली. फळी वहिनीच्या बसण्याच्या बेताने खाली घेतली. वल्ही मात्र म्हाताऱ्या बाबांच्या उंच मुलांच्या मापाची होती, ती सुताराकडे नेली. तो म्हणाला, कापली की परत लांब होणार नाहीत, एकदा घरात विचारून घ्या. वहिनीने दांडा छातीशी धरला, मुठीच्या वर अंगठ्याने खूण केली आणि त्याला म्हणाली, "एक ईत कमी करा दादा. मन्हा हात इतलाच शे."