पात्राला हे माहीत नाही

यंदाच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे राहायला आला आणि येताना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ घेऊन आला. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी हा खेळ पहिल्यांदा बाजारात आणला. एकजण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘माझे पात्र आता असे करते’ म्हणत गोष्ट पुढे नेतात. पात्राचे जमले की फसले, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते.

फासे म्हणताच मुलांच्या दादीच्या कपाळाला आठ्या पडल्या. यात पैसा नाही, पैज नाही, हे सांगूनही त्यांचे मन मानेना. मग आम्ही 1 ते 20 आकड्यांच्या चिठ्ठ्या करून बिस्किटांच्या डब्यात टाकल्या. चिठ्ठी काढायची, आकडा वाचायचा, पुन्हा डब्यात टाकायची. रोज इशानंतर बैठक जमू लागली. आम्ही दोघे नवरा-बायको मिळून एकच पात्र चालवत होतो, एक म्हातारा शिपाई.

पहिले भांडण ट्रोलवरून झाले. या राक्षसाच्या जखमा आपोआप भरून येतात. आग किंवा आम्ल लागले तरच ते थांबते. धाकट्याने हे पुस्तकात वाचून ठेवले होते. त्याचे पात्र मात्र कधी गावाबाहेर न पडलेला मेंढपाळ! ट्रोल दिसताच धाकटा ओरडला, “आगीने मारा त्याला!”

भाचा म्हणाला, “हे तुला माहीत आहे. तुझ्या मेंढपाळाला नाही.” खेळाडूची माहिती पात्राच्या तोंडी घालणे, याला मेटागेमिंग म्हणतात.

धाकटा रुसला. “मग काय, मुद्दाम काठीच मारत बसू? किती वेळ?”

प्रश्न रास्त होता. ठाऊक आहे म्हणून मुद्दाम टाळणे, हेही त्या माहितीवरच चालणे झाले. भाच्याने तोड काढली. मेंढपाळाने लहानपणी ट्रोलच्या गोष्टी ऐकल्या असतील का? चिठ्ठीचा आकडा आणि पात्राच्या बुद्धीचे गुण मिळून 15 झाले, तर ऐकल्या असतील. चिठ्ठी निघाली 6 ची. मग भाच्याने विचारले, “लांडगा अंगावर आला तर मेंढपाळ काय करतो?” धाकटा म्हणाला, “हातातली मशाल पुढे करतो.” “मग कर की!” कारण पात्राच्या आयुष्यातून यायला हवे, एवढेच.

आम्ही मनापासून हसलो. पुढची पाळी आमची होती, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

दोन दिवसांनी मुलीच्या पात्राला पडक्या किल्ल्यात एक मोहोरबंद पत्र सापडले. तिने ते सोबत्यांपासून लपवायचे ठरवले. आम्ही सगळ्यांनी ते ऐकले होते. शिपाई मात्र तेव्हा किल्ल्याबाहेर घोडे सांभाळत होता. तरी आमची पाळी येताच आम्ही म्हणालो, “शिपाई सहज तिची थैली बघतो.”

“का?” भाच्याने विचारले. आम्हाला उत्तर सुचेना.

मुलगी हळूच म्हणाली, “घरीही तुम्ही असेच करता.”

खेळ तिथेच थांबला. त्याच आठवड्यात आम्ही तिची बॅग उघडली होती. तिने नुकतीच बारावीची परीक्षा दिली आहे. बॅगेत पुण्याच्या वसतिगृहाचा अर्ज होता, पालकांच्या सहीची जागा रिकामी. आम्ही तिला काही विचारले नाही. फक्त जेवताना आडून आडून बोलत राहिलो, “घरापासून लांब राहणाऱ्या मुलींचे हाल होतात, नाही का?” तिला सगळे कळत होते.

कोणाची टोह घेऊ नये, हे आम्हीच मुलांना शिकवले होते.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. खेळात माहीत असून नसल्यासारखे वागणे चालते, कारण समोर बसलेल्या प्रत्येकाला आपल्याला काय ठाऊक आहे हे दिसत असते. त्यात लपवाछपवी नसते. आम्ही मात्र चोरून कळलेल्या गोष्टीवर चालत होतो आणि चेहरा अजाण ठेवत होतो. हे नाटक नव्हते, फसवणूक होती. घरात कळलेली गोष्ट पुसता येत नाही. कळले आहे, एवढे सांगता येते.

सकाळी आम्ही तिला सांगितले, “तुझी बॅग आम्ही उघडली. अर्ज पाहिला. चूक झाली.” ती चिडली. दोन दिवस कामापुरतेच बोलली. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः अर्ज आणून आमच्यासमोर ठेवला. फीचे कसे, घरी किती दिवसांनी येणार, सोबत कोण, हे सगळे आता उघड बोलणे चालू आहे. सही अजून केलेली नाही. येत्या रविवारी तिघे मिळून वसतिगृह पाहायला जाणार आहोत.

खेळही पुन्हा सुरू झाला आहे. ते पत्र अजून तिच्या थैलीतच आहे. शिपाई विचारत नाही.