विश्वाचा आरंभ आणि धर्माची साक्ष

आंबी, ता. मावळ, जि. पुणे

चि. भाचीस,


विश्वाला आरंभ आहे की ते अनादी आहे, यावर विसाव्या शतकात खुद्द विज्ञानातच मोठा वाद झाला आणि त्यातल्या एका बाजूला कोल्हापुरात जन्मलेले जयंत विष्णू नारळीकर उभे होते. बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणाऱ्या विश्वाचे गणित मांडले. दीर्घिका जितक्या लांब तितक्या अधिक वेगाने दूर जाताना दिसतात, हे एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दाखवले. हे प्रसरण मागे मागे नेले की सारे विश्व एका अतितप्त, अतिदाट अवस्थेत येऊन पोचते. महास्फोट सिद्धांताचा गाभा एवढाच. फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांना ही कल्पना मानवली नाही. १९४८ मध्ये त्यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत पुढे ठेवला. त्यानुसार विश्व प्रसरण पावते, पण नवे द्रव्य सतत निर्माण होत असल्याने त्याचे एकंदर रूप तेच राहते. त्याला ना आदी, ना अंत. नारळीकर केंब्रिजमध्ये हॉइल यांचे विद्यार्थी झाले आणि १९६४ मध्ये या गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा स्वतंत्र सिद्धांतही मांडला.

निकाल निरीक्षणाने लावला. आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांकडून सारख्याच तीव्रतेने येणारे सूक्ष्मतरंग सापडले. १९६५ मध्ये जाहीर झालेले हे प्रारण म्हणजे तप्त आरंभकाळाची उरलेली धग. तिचे तापमान आज निरपेक्ष शून्याच्या जेमतेम २.७ अंश वर आहे. विश्वातल्या साध्या द्रव्यात हेलियम वस्तुमानाने सुमारे एकचतुर्थांश का, याचाही हिशेब तप्त आरंभातून लागतो. आजच्या मापनांनुसार त्या अवस्थेला सुमारे १३८० कोटी वर्षे झाली.

धर्माच्या बाजूने पाहताना पहिले नाव येते ते लमेत्र यांचेच, कारण ते कॅथलिक धर्मगुरू होते. पोप पायस बारावे यांनी २२ नोव्हेंबर १९५१ रोजी आपल्या विज्ञान अकादमीपुढे केलेल्या भाषणात नव्या विश्वशास्त्राचे जोरदार स्वागत केले. विज्ञान आता निर्मितीच्या त्या आदिक्षणाचीच साक्ष देत आहे, असा त्यांचा सूर होता. सिद्धांताच्या जनकाला आनंद व्हायला हवा होता. लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत ईश्वराच्या प्रश्नाला स्पर्शच करत नाही, श्रद्धावंत आणि नास्तिक दोघांनाही तो सारखाच मोकळा आहे, ही त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही.

लमेत्र यांची सावधगिरी किती रास्त होती, हे १९५१ चे आकडे सांगतात. हबल यांच्या अंतरमोजणीतून विश्वाचे वय तेव्हा दोनशे कोटी वर्षांच्या आसपास येत होते, म्हणजे खडकांवरून काढलेल्या पृथ्वीच्या वयापेक्षाही कमी. लेक आईपेक्षा मोठी ठरावी तसा हा प्रकार. वॉल्टर बाडे यांनी अंतरे दुप्पट करणारी दुरुस्ती जाहीर केली ती १९५२ च्या त्याच रोम परिषदेत. ज्या पुराव्यावर बायबलमधले उत्पत्तीचे वचन सिद्ध झाल्याचे म्हटले गेले, तो त्या वेळी स्वतःच्या पायांवरही नीट उभा नव्हता.

भारतात ही जुळवाजुळव कल्पांच्या गणिताने होते. एक महायुग ४३ लाख २० हजार वर्षांचे. अशी हजार महायुगे म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षे. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे, तेव्हा आकडा जवळपास जुळला असे उत्साहाने सांगितले जाते. पण पुराणांचा कल्प पृथ्वीचे वय सांगत नाही, तो सृष्टीच्या एका फेऱ्याची लांबी सांगतो. शिवाय विश्वाच्या १३८० कोटींशी दिवस जुळत नाही आणि दिवस-रात्र मिळून होणारी ८६४ कोटी वर्षेही जुळत नाहीत. जुळेल तो आकडा उचलायचा आणि न जुळणारे सोडायचे, याला पुरावा म्हणत नाहीत. पुराणकारांनी काळ एवढा अफाट कल्पिला, ही गोष्ट मात्र खरोखर थोर आहे. सतराव्या शतकात आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर बायबलवरून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये नेऊन ठेवत होते.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले १२९ वे, नासदीय सूक्त या आकडेमोडीपलीकडचे आहे. त्याच्या सात ऋचा आरंभापूर्वी काय होते, असे विचारत जातात आणि सर्वांत वरच्या साक्षीदारालाही ते ठाऊक असेल की नाही, या शंकेवर थांबतात. म्हणूनच महास्फोटाचे वर्णन वेदांत आढळते, असा दावा या सूक्तावर उभा राहू शकत नाही. सूक्ताने जे जाणूनबुजून मोकळे ठेवले, ते तो दावा बंद करतो.

नारळीकरांच्या उत्तरकाळात तर जुळवाजुळवीचा हा मोह आणखी सोपा झाला. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिरवत स्थितीचा सुधारित सिद्धांत मांडला. त्यात विश्व अनादीच राहते, पण दीर्घ प्रसरणाबरोबर आकुंचन-प्रसरणाची आवर्तनेही होतात. सर्ग आणि प्रलय यांच्या पौराणिक चक्राशी याचे साम्य कोणालाही दिसेल. मात्र सूक्ष्मतरंग प्रारणाच्या बारीक मोजणीत महास्फोटाची बाजू भक्कम ठरली आणि बहुतेक विश्वशास्त्रज्ञांनी हा पर्याय स्वीकारला नाही. प्राचीन ग्रंथांत आधुनिक विज्ञान शोधण्याच्या वृत्तीवर नारळीकरांनी आयुष्यभर टीका केली. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. धर्माने त्यांच्या सिद्धांतावर आपली मोहोर उमटवली असती, तर सिद्धांत मागे पडताच मोहोरही पुसली गेली असती.

धर्माला या प्रश्नाचे उत्तर हवेच असते, हे गृहीतही मावळातच डळमळते. कार्ले, भाजे आणि बेडसे इथली लेणी ज्या परंपरेने कोरली, तिचा शास्ता जग शाश्वत आहे की अशाश्वत, या प्रश्नाला उत्तर देत नाही. मज्झिमनिकायात मालुंक्यपुत्त उत्तरासाठी हटून बसतो, तेव्हा बुद्ध त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत देतात: बाण मारणाऱ्याची जात आणि गाव कळेपर्यंत बाण काढू न देणारा माणूस मरून जाईल. जैन दर्शनाचे उत्तर आणखी वेगळे. त्यात विश्व अनादी-अनंत आहे आणि कर्ता कोणीच नाही. तरीही तो धर्म आहे.

आंबीजवळून वाहणारी इंद्रायणी पुढे आळंदीला जाते, आणि तिथे समाधी घेतलेल्या ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवात प्रश्नाची मांडणीच बदलते. अज्ञानातून जग उपजले, या मताचे त्यांनी सविस्तर खंडन केले. त्यांच्या दृष्टीने जग हा चैतन्याचा विलास आहे. कधीकाळी एकदा घडून गेलेला प्रसंग नव्हे, तर या क्षणीही चालू असलेले स्फुरण. तेराव्या शतकातच युरोपात थॉमस अक्विनस यांनी जवळचा मुद्दा मांडला होता. जगाला आरंभ होता, हे तर्काने सिद्ध करता येत नाही, ते केवळ श्रद्धेने मानायचे. आणि जग अनादी असते तरी ते ईश्वरावर अवलंबूनच राहिले असते. दोघांची तत्त्वे निराळी आहेत, पण १३८० कोटी हा आकडा उद्या बदलला तरी दोघांचेही काही बिघडत नाही. पोप पायस यांच्या भाषणाला अशी मोकळीक नव्हती.

नास्तिक बाजूकडूनही तशीच घाई झाली. स्टीफन हॉकिंग यांनी लिओनार्ड म्लोडिनोव यांच्यासह २०१० मध्ये लिहिलेल्या 'द ग्रँड डिझाइन'मध्ये प्रतिपादन केले, की गुरुत्वाकर्षणासारखा नियम असल्यामुळे विश्व शून्यातून आपोआप उत्पन्न होऊ शकते, कर्त्याची गरज नाही. पण पहिल्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशाअलीकडेच आजचे भौतिकशास्त्र भरवशाने चालते. त्यापलीकडे गुरुत्व आणि पुंजयामिकी एकत्र बसवणारा सर्वमान्य सिद्धांत अजून हाती नाही. शिवाय ज्या शून्यात गुरुत्वाकर्षणाचा नियम आधीपासून लागू आहे, त्यात तो नियम कुठून आला, याचे उत्तर त्या गणितात मिळत नाही.

तुझा,
मामा