घारापुरी : पाहुण्याची मर्यादा

गेटवेहून सुमारे तासाभराच्या जलप्रवासानंतर घारापुरी बेट येते. १९८७ पासून जागतिक वारसा असलेली लेणी पाहून प्रवासी सायंकाळी परततात. शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर येथील ग्रामस्थांचा संसार मात्र तेथेच चालतो. समुद्रतळाच्या केबलने वीज पोहोचण्यास २०१८ साल उजाडले. गोड पाणी आजही मोलाचे आहे. म्हणून पाणी घरूनच न्यावे, रिकामी बाटली परत आणावी. माकडांना खाऊ घालणे ही दया नव्हे. त्या सवयीनेच ती पिशव्या हिसकावू लागतात. पायऱ्यांवरील विक्रेत्याचा माल होडीतून येतो आणि चढणीवर वाहून न्यावा लागतो. मालवाहतुकीचा खर्च जाणणाऱ्या व्यापारी कुटुंबाने तरी तेथे घासाघीस करू नये.