उशीर नेमका हवा

घरच्या संगणकातलं संगीत वायफायवरून बैठकीतल्या स्पीकरपर्यंत नेलं की पहिली तक्रार ठरलेली असते: बटण दाबलं तरी आवाज उशिरा येतो. उपायही ठरलेले: बफर कमी करा, राउटर बदला, इंटरनेटचा प्लॅन वाढवा. अशा जोडण्या लावता-दुरुस्त करताना माझं मत मात्र उलट दिशेने पक्कं होत गेलं आहे. थोडा उशीर ही या यंत्रणेची गरजच आहे. छळतो तो कमीजास्त होणारा उशीर. त्याला आधी नेमका करायचा आणि मग जिथे तो खुपणार नाही तिथे सरकवायचा, यालाच मी दुरुस्ती म्हणतो.

आधी वेगाचा मुद्दा. सीडीच्या दर्जाच्या, आकार कमी न केलेल्या संगीताला सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट पुरतात. साधं वायफायही याच्या कितीतरी पट माल वाहतं. शिवाय गाणी घरच्याच डिस्कवर असतील तर इंटरनेटच्या प्लॅनचा इथे संबंधच येत नाही. अडचण नियमितपणाची असते. शेजाऱ्यांचे राउटर त्याच चॅनेलवर असतात, २.४ गिगाहर्ट्झवर मायक्रोवेव्हही गोंगाट करतो, आणि डेटाचं एक पाकीट दोन मिलिसेकंदांत पोचलं तर पुढचं दोनशे घेतं. डिजिटल नमुन्यांचा आवाज करणाऱ्या डॅकला मात्र सेकंदाला ४४,१०० नमुने अखंड हवे असतात. नगरपालिकेचं पाणी वेळी-अवेळी आलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे नळ वाहता राहतो. बफरचं काम हेच. तो कापला की उशीर घटतो, पण गाणं तुटायला लागतं.

म्हणून उशीर किती यापेक्षा तो कधी होतो, याकडे मी आधी लक्ष देतो. बऱ्याच वेळाने लावलेल्या पहिल्याच गाण्याला होत असेल, तर बहुधा झोपी गेलेली हार्ड डिस्क फिरायला काही सेकंद घेत असते. नेटवर्कला हात लावायचं कारण नाही. दर गाण्याला सारखाच होत असेल तर तो बफरचा. दोन खोल्यांतलं संगीत सुरुवातीला जुळलेलं आणि तासाभराने फाटलेलं असेल, तर घड्याळं तपासावीत. दोन उपकरणांच्या घड्याळांतल्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत पन्नास भागांचा फरक असला तरी तासाला १८० मिलिसेकंदांची तफावत पडते आणि घरात प्रतिध्वनी घुमू लागतो. स्नॅपकास्टसारखी प्रणाली यावर जो तोडगा काढते तो बोलका आहे. ती आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर वेळ नोंदवते, सगळ्या उपकरणांची घड्याळं जुळवते आणि मूळ सेटिंगनुसार एक सेकंद थांबून सगळीकडे एकदम वाजवते. अख्खं घर सेकंदभर मागे असतं, पण सगळ्या खोल्या बरोबर असतात.

यावर कोणी म्हणेल, सिनेमात हे कसं चालेल? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या १९९८च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाला कळू लागतं, आणि ब्लूटूथ अनेकदा दोनशेच्या घरात जातं. पण ते दोनशे स्थिर असतील तर व्हीएलसीसारख्या प्लेयरमध्ये चित्र आणि आवाज यांच्यातलं अंतर तेवढंच सरकवता येतं. आकडा हलता असेल तर कुठलंही सेटिंग पुरं पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो मला मान्य आहे. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते. आपलाच तबला ब्लूटूथ हेडफोनमधून ऐकत वाजवणाऱ्याला जवळजवळ मात्राभर मागचं ऐकू येईल. इथे उशीर नेमका असूनही उपयोगाचा नाही, कारण रेकॉर्ड केलेलं गाणं आगाऊ साठवता येतं, वाजवणाऱ्याचा हात नाही. अशा वेळी वायरच हवी आणि बफर लहान: ४८,००० च्या दराने १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, आवाजाला हवेतून मीटरभर जायला लागतो जवळपास तेवढाच वेळ.

मग नुसतं ऐकणाऱ्यांनी दहा सेकंदांचा बफर का ठेवू नये? कारण मग थांबवणं, पुढे जाणं यांना प्रतिसाद मिळेनासा होतो आणि खरा बिघाडही झाकला जातो. नेटवर्कच्या सर्वांत मोठ्या अडखळण्याहून थोडा जास्त, एवढाच बफर पुरे. ते अडखळणं आटोक्यात आहे का, हे कळायला एक स्वस्त चाचणी आहे: बाकी काही न बदलता वायफायऐवजी केबल लावायची. तुटणं थांबलं तर दोष वायफायचा. उशीर होता तेवढाच राहिला तर तो सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी ठरवून दिलेला आकडा आहे, आणि तो आपल्याला बदलता येतो. नवा राउटर घ्यायचा की नाही, ते या चाचणीनंतर ठरवावं.