तांबडीला हाक

भातकापणी उरकली की महाड-माणगावकडची खाचरं मोकळी होतात. एरवी बांधाबांधांनी वाटलेली जमीन तेवढ्या दिवसांपुरती सगळ्यांची होते. गावातली गुरं कुठंही तोंड घालतात आणि त्यांच्यातच देशावरून उतरलेल्या धनगरांची घोडी चरत असतात. एका वाड्यात, म्हणजे एकत्र हिंडणाऱ्या तांड्यात, पाच-सात बिऱ्हाडं, प्रत्येक बिऱ्हाडाची दोन-चार घोडी. रात्रभर ती एकाच रानात मिसळलेली. पहाटे तळ हलवायचा ठरला की प्रत्येक बिऱ्हाडातली बाई बांधावर येऊन आपल्या घोड्यांना हाक मारते. अंधुक उजेडात, भाताच्या धसकटांत उभ्या असलेल्या त्या सगळ्या जनावरांतून ज्यांना बोलावलं त्यांच्याच माना वर होतात. बाकीची चरत राहतात.

तांबडी ही त्यातलीच एक घोडी. फलटणकडच्या एका धनगर कुटुंबाची. रंग विटकरी, कपाळावर टिकलीएवढा पांढरा ठिपका, उजव्या कानाचं टोक लहानपणी कुत्र्यानं फाडलेलं. उंची अशी, की घरातल्या थोरल्या आजीची हनुवटी तिच्या पाठीला टेकावी. दिसायला विशेष काही नाही. घोड्यांच्या बाजारात कुणी तिच्याकडे दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं. पण दिवाळी सरली की वरंध घाटानं कोकणात आणि वळीव पडू लागले की पुन्हा देशावर, अशी ती आयुष्यभर चालली आणि त्या कुटुंबाचा सगळा संसार तिच्या पाठीवर चालला.

त्या पाठीवर काय काय असे! कोकरं कोंडायची जाळी, गोधड्या, धान्याची पोती, तवा, भगुली, पाण्याची घागर, पाय बांधलेल्या दोन-तीन कोंबड्या, रात्री जन्मलेलं आणि अजून चालू न शकणारं कोकरू. या सगळ्याच्या वर कापडानं नीट बांधून बसवलेलं घरातलं धाकटं पोर. पुरुष मेंढरं घेऊन रानारानानं पुढं जातात. घोडी लादणं, हाकणं, मुक्कामावर उतरवणं, चरायला सोडणं आणि परत बोलावणं हा सगळा बायकांचा कारभार. कोणती दोरी कोणत्या घोडीला काचते हे वाड्याच्या मिस्त्रीला, म्हणजे म्होरक्याला, सांगता यायचं नाही, पण घरातली सून झोपेतसुद्धा सांगेल.

तांबडी जन्मली ती वाटेतच, एका मुक्कामावर. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि बहुधा रात्री विते. शिंगरू तासा-दोन तासांत पायांवर उभं राहतं. उभं राहिलं नाही तर रानात त्याचा निभाव लागायचा नाही. दुसऱ्या दिवशी आईच्या पाठीवर निम्माच भार ठेवला होता आणि ते लांब पायांचं पिल्लू तिच्या कुशीला घासत चाललं होतं. पुढची दोन-अडीच वर्षं त्याच्या पाठीवर कुणी काही ठेवलं नाही. हाडं पक्की होण्याआधी लादलेलं जनावर लवकर वाकतं, हे धनगरांना कुणी शिकवावं लागत नाही.

ओझं वाहायला ती नंतर शिकली, हाकेला यायला मात्र त्याच्या फार आधी.

आजीची रीत ठरलेली होती. शिंगरू आईला प्यायला लागलं की ती जवळ बसून जिभेनं चुचकारायची आणि मग म्हणायची, “ये गं माजे बाय, ये तांबडे.” काहीच मागायची नाही, धरायची नाही. पुढं शिंगरू दाणे खायला लागलं तेव्हा तीच हाक, तोच सूर आणि टोपल्यात मूठभर भिजवलेले हरभरे किंवा बाजरी. रोज एकाच वेळी, एकाच स्वरात. पोरं वेगळ्या आवाजात ओरडायला लागली तर आजी त्यांना गप्प करायची.

कुटुंबातला एक तरणा मुलगा एकदा घाईत होता. गुरांचे डॉक्टर सुई टोचायला आले होते आणि तांबडी रानाच्या पार टोकाला. त्यानं रिकामं टोपलं हलवलं, आजीच्या सुरात हाक दिली. घोडी आली. आल्याबरोबर त्यानं मानेत दोरी टाकली, सुई टोचून झाली, काम फत्ते. त्यानंतर कितीतरी दिवस तो मुलगा रानात शिरला की तांबडी कान मागं पाडून पाठ फिरवायची. आजीनं त्याला मारलं नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, “मोकळं टोपलं दावून जनावर बोलवू नगंस रं. येकदा यील. म्होरल्या खेपंला आपुन बोंबलत बसायचं.” पुढचे कित्येक दिवस त्या मुलानं तिला फक्त दाणे नेऊन दिले आणि दोरी न टाकता तो परत आला. मग कुठं ती त्याच्या हाकेला पुन्हा येऊ लागली.

आजीनं जे अनुभवानं जाणलं होतं त्याचा पडताळा शास्त्रज्ञांनी वेगळ्या वाटेनं घेतला आहे. फ्रान्समधल्या रेन विद्यापीठाच्या कॅरोल सँकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं, की खाऊ देऊन शिकवलेली घोडी शिकलेलं कित्येक महिने विसरत नाहीत आणि माणसाजवळ आपणहून येतात. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या लिअॅन प्रूप्स आणि कॅरेन मॅकोंब यांनी त्याही पुढचं तपासलं. त्यांनी घोड्याच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी केली आणि त्यांतल्या ओळखीच्या एकाचा आवाज ऐकवला. ज्याचा आवाज, त्याच माणसाकडे घोडं लवकर वळलं आणि जास्त वेळ बघत राहिलं. म्हणजे अमक्याचा चेहरा आणि अमक्याचा आवाज यांची जोडी त्याच्या मनात पक्की असते. वाड्यातल्या पाच-सात बायका एकाच बांधावरून एकाच वेळी हाका देत असताना तांबडी गोंधळत का नव्हती, याचं उत्तर त्यात आहे.

हाकेसाठी घोड्याचे कानही नामी आहेत. दोन्ही कान स्वतंत्रपणे वळतात. चरता चरता मान न उचलता एक कान बांधाकडे आणि दुसरा आपल्या शिंगराकडे लावून तांबडी उभी असे. बघणाऱ्याला वाटावं तिनं ऐकलंच नाही. आजीला मात्र तो फाटका कान वळलेला दिसायचा. मग ती दुसऱ्यांदा हाक देत नसे, थांबायची. ऐकलेल्या जनावराला पुन्हा पुन्हा हाका मारल्या की पहिल्या हाकेची किंमत जाते, असं तिचं म्हणणं.

घोडं बोलवायला म्हणून मोकळ्या रानात जाणाऱ्या नव्या माणसाच्या लक्षात एक गोष्ट येत नाही. दाण्यांचं टोपलं घेऊन कळपाच्या मधोमध जाणं फार धोक्याचं. घोड्यांत मानपान असतो. थोरली घोडी आधी, धाकटी नंतर. खाण्याचा वास आला की मागच्या टापा उडतात आणि मधला माणूस भरडला जातो. म्हणून धनगर बाया टोपलं पदराखाली धरून बांधावरच उभ्या राहतात. घोडी कळपातून बाहेर येते, चार पावलं बाजूला नेतात आणि तिथं तिला दाणे. आत जावंच लागलं तर समोरून किंवा मागून जात नाहीत. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळं त्याला जवळपास चौफेर दिसतं, पण अगदी कपाळासमोरचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून खांद्याच्या रोखानं, तिरकं, हळू चालत जायचं आणि तोंडानं काहीबाही बोलत राहायचं.

वयानं मोठी झाल्यावर तांबडी त्या वाड्यातल्या घोड्यांची म्होरकी झाली. आजीनं हाक दिली आणि ती निघाली की तिच्या मागं तिची दोन पोरं निघत आणि शेजारच्या बिऱ्हाडांची चार-दोन घोडीही चालू पडत. ती चुकीची वऱ्हाडी मंडळी परत हाकलायला शेजारणींची लेकरं धावायची. याचा फायदाही होता. एखादी हट्टी घोडी कुणाच्याच हाकेला दाद देईना, तर शेजारीण येऊन म्हणायची, “आत्ती, तुमची तांबडी हलवा की जरा.” तांबडी हलली की हट्टी घोडी सुतासारखी सरळ मागोमाग येई.

वेळेवर परत बोलावणं ही कोकणात चैन नसते, गरज असते. रायगडात भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात. पोपटीच्या मोसमात ज्या वालाच्या शेंगा मडक्यात भाजून खातात, तेच पीक. एका खाचरात मोकळं रान आणि बांधापलीकडच्या खाचरात कोवळे वाल. पुढच्या दोन पायांना आखूड दोरीचा पायबंद घातलेला असला तरी भुकेलं घोडं टुणटुण उड्या मारत बांध ओलांडतं. सकाळी शेतकरी येतो, टापांचे ठसे बघतो आणि भांडण उभं राहतं. खतासाठी मेंढरं शेतात बसवल्याबद्दल जो शेतकरी काल मापानं भात देत होता, तोच आज भरपाई मागतो. पुढच्या वर्षी त्या गावात तळ पडणार की नाही हे त्या एका रात्रीवर ठरतं. तांबडीनंही वालात तोंड घातलेलं आहे. पण कंदील घेऊन निघालेल्या आजीच्या हाकेसरशी ती भर पिकातून तोंड काढून परत आली. बॅटऱ्या-काठ्या घेऊन मागं धावावं लागलं असतं तर उरलेलं पीक टापांखालीच गेलं असतं.

तांबडीचं कूळ भीमथडीचं. भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठचं हे ठेंगणं, काटक, थोड्या वैरणीवर राबणारं तट्टू. मराठ्यांच्या स्वाऱ्यांत ते होतं. राजा बढे यांचं जे गीत २०२३ मध्ये महाराष्ट्राचं राज्यगीत झालं, त्यातही या तट्टांचा उल्लेख आहे. १८१८ मध्ये पेशवाई गेली, फौजा मोडल्या, पागा ओस पडल्या. पुढं लष्कराला उंच, धिप्पाड घोडी हवी झाली. भीमथडी टिकलं ते मेंढपाळांच्या वाड्यांत, कारण तिथं त्याला रोजचं काम होतं आणि रोज नावानं बोलावणारं माणूस होतं. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केल्याची बातमी २०२४ च्या सुरुवातीला आली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, भुतिया, स्पिती, झांस्करी आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतर ही देशातली आठवी. उशिरा का होईना, फार चांगलं झालं.

तोवर तांबडी म्हातारी झाली होती. दातांनी कडबा चावेना म्हणून तिला भिजवलेलं खाणं सुरू झालं. पाठीवर ओझं द्यायचं बंद केलं, तरी वाडा हलला की ती मोकळीच पुढं चालायची. खाटकाला विकायचा विषय एकदा निघाला होता. आजीनं तो तिथंच तोडला. एका डोळ्यात सारा आला, मग दुसऱ्यात. रानात सोडली की ती फार लांब जात नसे. पण हाक ऐकली की फाटका कान वळायचा आणि धसकटांत अडखळत ती नेमकी आवाजाच्या रोखानं यायची. शेवटच्या वर्षी तिला कोकणात नेलं नाही. फलटणकडच्या घरीच, ऐन पावसाळ्यात, पोटशूळ उठून ती गेली. आजीनं तिला माळावर टाकू दिली नाही. घरच्यांनी खड्डा खणून पुरली, वर दगड रचले. तिची नात आज त्याच कुटुंबाचं बिऱ्हाड वाहते आणि तिला हाक मारते ती आजीची नातसून.

आता त्या वाड्यात घोड्यांसोबत एक टेम्पोही असतो. रस्ते रुंद झाले, मोकळी रानं कुंपणांत गेली, कोकणात जागोजाग फार्महाऊसं उभी राहिली. २०१९ च्या पशुगणनेत देशातली घोडी आणि तट्टं मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरली. २०१२ मध्ये ती सव्वासहा लाखांच्या आसपास होती. म्हणजे सात वर्षांत जवळजवळ निम्मी गेली. भीमथडीला कागदावर मान्यता मिळाली खरी, पण ती जगवायची तर चरायला रान आणि चालायला वाट ठेवावी लागेल. ताम्हिणी किंवा वरंध घाटात उन्हाळ्याच्या शेवटी एखादा वाडा वर चढताना दिसेल. घोडीच्या पाठीवर संसार असेल आणि त्यावर एखादं मूल बांधलेलं असेल. तेव्हा गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि कृपा करून हॉर्न वाजवू नका. बुजलेली घोडी दरीच्या बाजूला सरकते.