माफी आणि मलमपट्टी

विदर्भातल्या खेड्यांत कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. चट्टे शोधायचे, बधिर कातडी तपासायची, गोळ्या पोचवायच्या. त्यामुळे 1999च्या जानेवारीत ग्रॅहम स्टेन्स यांची बातमी आली, तेव्हा आमच्या युनिटात घरातलंच कुणी गेल्यासारखं झालं. हा ऑस्ट्रेलियन मिशनरी 1965 पासून भारतात होता. ओडिशात मयूरभंजच्या कुष्ठरुग्णांत त्याचं आयुष्य गेलं. 22 जानेवारीच्या रात्री मनोहरपूर गावात तो आणि त्याचे मुलगे, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपले होते. जमावाने ती गाडी पेटवली. त्या रात्रीबद्दल याहून जास्त लिहवत नाही.

त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना माफ केल्याचं सांगितलं आणि आमच्यात चहाच्या वेळी वाद पेटले. "पोटची पोरं जाळणाऱ्यांना माफी? देवाला तरी पटेल का?" एक सहकारी तावातावाने म्हणाला. मी माळकरी घरातला, क्षमेची महती लहानपणापासून ऐकलेली; पण हे ऐकून मीही गप्पच राहिलो. नंतर वाचत गेलो तसं उमगलं, की बाईंनी माफी आणि शिक्षा यांची गल्लत केली नव्हती. मनातला द्वेष त्यांनी सोडला. शिक्षेचं कायद्याने बघावं, ही त्यांची भूमिका. कायद्याने पाहिलंही. मुख्य आरोपी दारा सिंगला आधी फाशीची शिक्षा झाली, 2005 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली.

निवृत्तीनंतर स्टेन्स यांच्या कामाच्या ठिकाणी, मयूरभंजमधल्या बारिपद्याला जाऊन आलो. बालेश्वरला उतरून बस. बाई तोवर मायदेशी परतल्या होत्या. मी बघत बसलो ते ओळखीचं काम: एका म्हातारीचे पाय पाण्यात भिजत घातलेले, मग टाचेची जाड कातडी हलक्या हाताने खरवडायची, तेल लावायचं, व्रणावर पट्टी. म्हातारी मजेत गप्पा मारत होती, कारण तिला काही दुखतच नव्हतं. या रोगाचा खरा घात हाच. खडा रुततो, निखारा भाजतो, माणसाला पत्ता नसतो. म्हणून कुणालातरी रोज पाय बघावे लागतात. नवरा आणि दोन मुलगे पुरल्यावर ग्लॅडिस या कामाला परत लागल्या. त्या मुळात नर्स. तेरा वर्षांची मुलगी एस्थर तेवढी उरलेली. तिला घेऊन त्या तेव्हाच निघून गेल्या असत्या तर कुणी बोट दाखवलं नसतं. 2004 पर्यंत त्या राहिल्या. त्याच वर्षी ग्रॅहम यांच्या नावाचं रुग्णालय उभं राहिलं. पुढच्या वर्षी पद्मश्री मिळाली; माझ्या लेखी त्या पाच वर्षांपुढे तिचं अप्रूप नाही.

त्यांचा येशू माझा नाही. मिशनऱ्यांवरून धर्मांतराचे वाद घालणारे घालोत. पण तोंडाने माफ केलं म्हणणारे पुष्कळ भेटतात. माफ करून त्याच मुलखात, त्याच माणसांत राहणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही.

जुनी सवय, म्हणून एवढं सांगतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर हातपाय शाबूत राहतात.