नाही म्हणण्याची मुभा

ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्या धर्मचर्चांत पुन्हा पुन्हा तेच प्रश्न भेटतात. देव एकच, तर त्याला पुत्र कसा? येशू क्रुसावर मेला की नाही? वाद परक्यांचा नाही, भाऊबंदांचा आहे. कुराणात मरियमच्या नावाची स्वतंत्र सुरा आहे, कुमारी मातेच्या पोटी ईसाचा जन्मही आहे. पण तो पैगंबर, देवाचा पुत्र नव्हे. शतकानुशतके हा तंटा मिटलेला नाही आणि मला त्याचं फारसं दुःख नाही. मी पाहतो ते एवढंच, की बैठकीत ‘नाही’ म्हणणाऱ्याचं पुढे काय झालं.

फेब्रुवारी १५८० मध्ये गोव्याहून तीन जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला, अकबराच्या दरबारी पोचले. रुदोल्फो आक्वाविव्हा इटलीचा, मोन्सेरात कातालोनियाचा. तिसरा हेन्रिकेस मूळचा इराणी, इस्लाम सोडून ख्रिस्ती झालेला. दुभाष्याचं काम त्याच्याकडे. ज्याच्या धर्मत्यागाला शरियतमध्ये देहदंड, तोच उलेमांसमोर बसून पाद्र्यांचं म्हणणं फारसीत सांगत होता. पाद्र्यांनी आणलेल्या अनेकभाषी बायबलचे खंड अकबराने आदराने मस्तकी लावले. वाद मात्र कडाक्याचा झाला. कोणाचा ग्रंथ खरा हे ठरवायला एका पाद्र्याने आणि एका मौलवीने आपापला ग्रंथ घेऊन आगीत शिरावं, असंही निघालं. ही देवाची परीक्षा पाहणं होईल, म्हणून आक्वाविव्हाने नकार दिला. बाप्तिस्मा घ्यायला अकबरानेही नकार दिला. दोन्ही नकार पचले. आक्वाविव्हा तीन वर्षं राहून, कोणालाच न जिंकता, सुखरूप गोव्याला परतला.

सिक्रीला स्वर्ग ठरवायचं कारण नाही. त्याच सुमारास बादशहाविरुद्ध फतवा काढणारा जौनपूरचा काझी नदीत बुडाला, आणि तो बुडवला गेला असंच दरबारातला इतिहासकार बदायुनी सुचवतो. पाहुण्यांना मिळालेली मोकळीक ही एका माणसाची मर्जी होती. तरीही पाद्र्यांकडे तिथे ग्रंथ, चित्रं आणि युक्तिवाद यांपलीकडे काही नव्हतं, म्हणून त्यांना समजावून सांगणं भाग होतं.

परतल्यावर थोड्याच दिवसांत, जुलै १५८३ मध्ये, आक्वाविव्हा गोव्यातल्याच साष्टीतल्या कुंकळ्ळी गावी गेला. चर्चसाठी जागा पाहायची होती. कुंकळ्ळीकरांचं ‘नाही’ आधीच सांगून झालं होतं, आणि त्यावर उत्तर म्हणून पोर्तुगीज फौजेने त्यांची देवळं पाडली होती. गावाने आक्वाविव्हासह पाच जेझुइटांना ठार मारलं. मग बोलणी करू म्हणून गावकारांना, म्हणजे गावप्रमुखांना, असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं गेलं आणि त्यांचीही कत्तल झाली.

माणूस तोच, श्रद्धा तीच, बहुधा सौजन्यही तेच. सिक्रीत त्याच्या मागे फौज नव्हती, कुंकळ्ळीत होती. स्वतः त्याने हत्यार उचललं नव्हतं. पण देवळाच्या राखेवर उभं राहून बोलणाऱ्याचं पाप-पुण्य वेगळं काढून पाहायला गावाला कोणी सवड दिली होती?

२०१९ मध्ये अबुधाबीत पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे इमाम अहमद अल-तय्यिब यांनी मानवी बंधुतेच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. असे मजकूर वाचायला मला आवडतात. पण त्यांची किंमत मी सह्यांवरून करत नाही. त्या दोन धर्मांच्या अमलाखाली राहणारा एखादा साधा माणूस उद्या ‘मला हे पटत नाही’ म्हणाला, तर त्याला रात्री झोप लागेल का, यावरून करतो.